मडगार्ड ठेवायचे की काढायचे? जुन्या फोर्ड रोडस्टरवर हात चालवण्याआधीचा क्रम

अमेरिकेत १९२८ ते १९३४च्या फोर्ड रोडस्टरवर (उघडी, कापडी छपराची गाडी) हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी ताकदवान इंजिन घालून आणि बदल करून बांधलेली, करायला घेतलेली आपली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: मडगार्ड ठेवू की काढू? गंमत अशी, की प्रश्न येतो तोवर मडगार्ड बहुतेक वेळा सुटून गॅरेजच्या भिंतीला टेकलेले असतात. हेडलाईट आता कशावर बसवायचे, नंबर प्लेट कुठे लावायची, पोलिसाने थांबवलं तर काय सांगायचं, हे सगळं त्यानंतर सुचतं. कोणाला काय आवडावं यावर माझं काही म्हणणं नाही. पण गाडीची उंची, टायर, कायदा आणि दिवे या चार गोष्टी ठरल्याशिवाय मडगार्डचा निर्णय घेतला, की तो पुढे दोनदा तरी फिरवावा लागतो. म्हणून पुढचा क्रम.

मडगार्ड म्हणजे इथे पूर्ण संच धरला आहे. पुढचे दोन, मागचे दोन, मधले फूटबोर्ड आणि फूटबोर्ड व चॅसी यांच्यामधला पत्रा, ज्याला तिकडे स्प्लॅश एप्रन म्हणतात. हे सगळे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. फूटबोर्ड काढून पुढचे मडगार्ड तसेच ठेवले, तर त्यांची मागची टोकं अधांतरी राहतात. ती हलत राहतात आणि ब्रॅकेटपाशी पत्र्याला चीर जाते. अर्धामुर्धा संच काढणे हा पर्याय नाही. मधला मार्ग वेगळा आहे, तो नवव्या टप्प्यात.

टप्पा १: आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे ते ठरवा

सगळ्या जुन्या फोर्ड एकाच न्यायाने मोजता येत नाहीत. मडगार्ड काढल्यावर काय उघडं पडणार, हे मॉडेलनुसार बदलतं.

१९३२च्या फोर्डची चॅसी मुळातच दिसण्यासाठी घडवलेली आहे. तिच्या बाजूच्या पत्र्यावर एक लांब दाबलेली रेघ आहे आणि ती मडगार्डच्या वळणाला धरून जाते. पेट्रोलची टाकी मागे, चॅसीच्या दोन लांब दांड्यांच्या (रेल्सच्या) मध्ये, उघडी. त्यामुळे ही गाडी दोन्ही प्रकारे शोभते आणि ‘बिनमडगार्डची’ म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं ते बहुधा हिचंच असतं.

मॉडेल ए, म्हणजे १९२८ ते १९३१, हिची गोष्ट निराळी. तिची चॅसी साधी, सपाट. स्प्लॅश एप्रन ती झाकण्यासाठीच असतो. तो काढला की फूटबोर्डचे ब्रॅकेट, रिव्हेटा, भोकं, पाईप, वायरी, सगळं उजेडात येतं. ३२ची गाडी बघून मॉडेल एचे मडगार्ड काढणारे इथेच निराश होतात. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘मॉडेल एची बॉडी ३२च्या चॅसीवर बसव.’ सल्ला चांगला आहे, जुना आहे, पण त्याची किंमत समजून घ्या. मॉडेल एचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १०३.५ इंच, ३२चा १०६ इंच. मॉडेल एचे मडगार्ड ३२च्या चॅसीवर सरळ बसत नाहीत, आणि ३२चे मडगार्ड मॉडेल एच्या बॉडीला सरळ जुळत नाहीत. म्हणजे चॅसी बदलली त्या दिवशी मडगार्डचा निर्णयही घेऊन झाला, तुमच्या लक्षात आला असो वा नसो.

बॉडी चॅनल करण्याचंही तेच. फरशी कापून बॉडी चॅसीवर खाली उतरवली, की बॉडीला लागणारे मागचे मडगार्ड आणि चॅसीला लागणारे पुढचे मडगार्ड यांच्या उंचीचा मेळ तुटतो. चार इंच चॅनल केलेल्या बॉडीला पुन्हा मूळ मडगार्ड चढवायचे म्हणजे मडगार्डच कापून नव्याने घडवायचे.

१९३३-३४ला मडगार्ड बॉडीच्या रेषेत जास्त मिसळले आहेत. माझं मत विचाराल तर या गाडीचे काढू नयेत. १९३५नंतरच्या गाडीसाठी हा लेख नाही.

*तपासणी:* बॉडी कोणत्या वर्षाची, चॅसी कोणत्या वर्षाची, मडगार्ड कोणत्या वर्षाचे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. मॉडेल एमध्येही १९२८-२९ला २१ इंची चाकं होती आणि १९३०-३१ला १९ इंची, आणि दोन्हींचे मडगार्ड वेगळे आहेत. विकत घेतलेल्या गाडीवर सरमिसळ असणं अगदी नेहमीचं.

टप्पा २: कायदा स्वतः वाचा

‘माझ्या ओळखीतला एकजण बिनमडगार्डची चालवतो, त्याला कोणी काही बोलत नाही’ हा पुरावा नाही. नियम राज्यागणिक बदलतात आणि शब्द नेमके असतात. दोन उदाहरणं घेऊ.

कॅलिफोर्नियाच्या व्हेईकल कोडचं कलम २७६०० सांगतं, की चिखल-पाण्याचा फवारा मागे उडणार नाही इतपत संरक्षण गाडीला हवं. ते मडगार्डचं असो, फ्लॅपचं असो, वा बॉडीच्या आकारामुळे मिळणारं असो. यातून सूट आहे ती १ जानेवारी १९७१च्या आधी बनलेल्या आणि आधीच पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना, पण रिकामं वजन १५०० पौंडांच्या आत असेल तरच. लोक अर्धं वाक्य वाचतात. ‘७१च्या आधीची आहे ना, मग झालं.’ झालं नाही. मॉडेल ए रोडस्टर मूळ रूपात दोन हजार पौंडांच्या आसपास जाते, आणि त्यात व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवल्यावर ती १५००च्या खाली येण्याची आशा धरू नका. खात्री हवी तर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. दुसरा खड्डा ‘पहिली नोंदणी’ या शब्दांचा: नव्याने बनवलेली बॉडी, नवी चॅसी, आणि कागदावर आजचं वर्ष असेल तर १९७१चा मुद्दाच उरत नाही.

वॉशिंग्टन राज्यात (हे शहर नव्हे, सिअ‍ॅटलवालं राज्य) कलम ४६.३७.५०० आहे. तिथे मडगार्ड वा फ्लॅप टायरइतका रुंद हवा आणि निदान ॲक्सलच्या मध्यापर्यंत खाली आलेला हवा. पण निदान ४० वर्षं जुन्या गाडीला किंवा स्ट्रीट रॉडला (रस्त्यावर चालवण्यासाठी बदल केलेल्या जुन्या गाडीला), ती मुख्यतः संग्राह्य वस्तू म्हणून वापरली जात असेल तर, मडगार्डशिवाय चालवता येतं. अट एक: हवा चांगली असताना आणि नीट राखलेल्या पक्क्या रस्त्यावर. त्या राज्यात किती दिवस पाऊस असतो हे तिथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तुमच्या राज्याचं कलम मूळ शब्दांत शोधा, छापा आणि गाडीत ठेवा. विमा कंपनीलाही बदल फोटोसह कळवून ठेवा.

भारतात असलेल्या जुन्या फोर्डबद्दल विचार करत असाल तर दोन ओळी. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पुण्या-मुंबईत अशी गाडी घरात असेल तर तिला हात न लावता मूळ रूपात ठेवणंच मला शहाणपणाचं वाटतं.

*सावधान:* कायदा मडगार्ड सक्तीचे करत असेल तर टप्पा ३, ४ आणि ५ वाचा आणि थेट टप्पा ८वर जा.

टप्पा ३: हातातला पत्रा तपासा

मूळ फोर्डचे स्टीलचे मडगार्ड, नवीन छापाचे (मूळ नमुन्यावर नव्याने बनवलेले) स्टीलचे मडगार्ड आणि फायबरग्लास, या तिघांचं भवितव्य वेगळं. लोहचुंबक कापडात गुंडाळून पूर्ण पृष्ठभागावर फिरवा. जिथे तो ढिला पडेल तिथे पुट्टी आहे किंवा खाली फायबर आहे. मग मडगार्ड उलटा करा आणि आतून बघा. बाहेरून रंगाने लपलेल्या गोष्टी आतून लपत नाहीत. ब्रॅकेटच्या रिव्हेटांभोवती, बोल्टच्या भोकांपासून निघणाऱ्या आणि कडेच्या गोल वळलेल्या पट्टीवर चिरा शोधा. त्या पट्टीत पाणी साचतं आणि गंज आतून खातो.

चिरा असणं हे मडगार्ड काढून टाकण्याचं कारण नाही. वेल्डिंगने त्या भरतात. पण खर्चाचा अंदाज आत्ताच घ्या, कारण इथेच एक मोठा गैरसमज बसलेला आहे: मडगार्ड काढले की पैसे वाचतात. सहसा उलटं होतं. मडगार्ड असताना झाकलेली चॅसी, ॲक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेकचे पाईप, शॉकअबचे ब्रॅकेट, बोल्टची टोकं, सगळं आता दर्शनी भाग होतं. सगळं घासून, भरून, रंगवून, नीट बांधून ठेवावं लागतं. एका बाजूला चार मडगार्डची डेंटिंग-पेंटिंग आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण चॅसीचं फिनिशिंग, असे दोन आकडे कागदावर शेजारी लिहा. कित्येकांचा निर्णय त्या कागदावरच होतो.

टप्पा ४: उंची आणि टायर आधी

हा टप्पा घाईत उरकू नका. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मडगार्ड म्हणजे चाकाभोवतीची चौकट. चौकटीत चाक किती वर बसलं आहे, किती आत आहे, यावरून गाडी जमली की फसली हे ठरतं. मूळ उंचीवरची, बारीक टायरची गाडी मडगार्डसह ‘आजोबांची’ दिसते, म्हणून लोक मडगार्डला दोष देतात. तीच गाडी पुढे ड्रॉप केलेला (टोकं वर वळवून गाडी खाली बसवणारा) ॲक्सल आणि योग्य टायर घालून खाली बसवली की मडगार्डसहच दणकट दिसते. उलट मडगार्ड काढलेल्या गाडीत टायरची निवड लपायला जागाच उरत नाही. पुढे लहान, मागे मोठे हा जुना नियम बिनमडगार्डच्या गाडीला फारच लागू आहे. बायस-प्लाय टायरमध्ये (जुन्या पद्धतीचे, आतले धागे तिरपे असलेले) पुढे ५.६०-१५ आणि मागे ८.२०-१५, किंवा पुढे ५.००-१६ आणि मागे ७.५०-१६ अशा जोड्या रूढ आहेत. चारही टायर एकाच मापाचे ठेवून मडगार्ड काढले तर गाडी अर्धवट खोललेली वाटते.

करायचं असं:

१. शेवटी जे टायर-रिम वापरणार तेच लावा. मित्राचे उसने टायर लावून घेतलेला अंदाज फसवा असतो.

२. गाडीवर शेवटचं वजन आणा. इंजिन बसलेलं नसेल तर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या इंजिनच्या जागी, आणि दोन पिशव्या सीटवर.

३. गाडी ढकलून दोन-तीन वेळा पुढेमागे करा, म्हणजे पाटे स्थिरावतात. मग मोजा.

४. लांब उभं राहून, कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरून, बाजूने फोटो काढा. मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक उगाच मोठं दिसतं. मागे सरा आणि झूम करा.

५. एक फोटो मडगार्डसह, एक मडगार्डशिवाय. मडगार्ड नसतील तर पुठ्ठ्याचे कापून चिकटपट्टीने लावा. दोन्ही फोटो आठवडाभर डोळ्यासमोर ठेवा. पहिल्या दिवशीचं मत सहसा टिकत नाही.

आता जागेचं मोजमाप. मडगार्ड ठेवायची शक्यता असेल तर चाक पूर्ण वर गेल्यावर आणि स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर काय होतं ते बघायलाच हवं. फोर्डच्या आडव्या पाट्यात मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा आणि जॅकने चॅसी हळूहळू खाली आणत ॲक्सल रबरी ठोकळ्याला टेकवा. त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग फक्त एका बाजूचं चाक वर उचलून पुन्हा तेच करा, कारण खड्ड्यात दोन्ही चाकं एकदम जात नाहीत. टायरच्या कडेला खडू फासून ठेवा. मडगार्डच्या आत खडूची रेघ उमटली तर टायर घासतो. मी टायर आणि पत्र्यात निदान एक इंच मोकळी जागा मागतो, तीही चाक पूर्ण वर असताना. मागे रिमचा ऑफसेट (रिम किती आत वा बाहेर बसते) आणि ॲक्सलची रुंदी बघा. मॉडेल एची मूळ चाकांमधली रुंदी ५६ इंच आहे. रुंद ॲक्सल आणि रुंद टायर एकत्र आले की टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, आणि मग ना धड मडगार्ड ना धड उघडं चाक.

*सावधान:* पाटे सोडवलेल्या गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर जाऊ नका. चॅसीखाली स्टँड हवेतच, आणि स्टँडची उंची इतकी ठेवा की गाडी घसरली तरी तुमच्या छातीवर येणार नाही.

टप्पा ५: मडगार्डवर काय काय लटकलंय?

कागद-पेन घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. मॉडेल एवर पुढचे हेडलाईट दोन्ही मडगार्डना जोडणाऱ्या दांडीवर असतात, हॉर्नही त्याच दांडीवर. मागचा दिवा आणि नंबर प्लेट डाव्या मागच्या मडगार्डवर. कोणी नंतर इंडिकेटर बसवले असतील तर तेही मडगार्डवरच. स्टेपनी काही गाड्यांत पुढच्या मडगार्डच्या खाचेत. आणि गाडीत चढायची पायरी म्हणजे फूटबोर्ड.

यातल्या प्रत्येकाची नवी जागा ठरल्याशिवाय एकही बोल्ट कायमचा सोडू नका. हेडलाईटसाठी चॅसीला किंवा शॉकअबच्या बोल्टला लागणारे स्टँड मिळतात. पण कमी उंचीचे स्टँड देखणे दिसतात म्हणून लोक दिवे फार खाली नेतात. कॅलिफोर्नियात हेडलाईट जमिनीपासून २२ इंचांपेक्षा खाली आणि ५४ इंचांपेक्षा वर चालत नाहीत. शिवाय १९३०च्या आधी नोंदलेली गाडी सोडता ते पुढच्या ॲक्सलच्या थेट वर किंवा पुढे असावे लागतात. रेडिएटरच्या शेजारी मागे ओढून बसवलेले दिवे या दुसऱ्या अटीत अडकतात. खाली बसवलेल्या गाडीवर फीत लावून मोजा, मूळ उंचीवर नको.

दिव्यांच्या अर्थिंगकडेही बघा. मडगार्डच्या पत्र्यातून अर्थ मिळत होता तो आता मिळणार नाही. फायबरग्लासच्या मडगार्डला तर तो कधीच मिळत नव्हता. प्रत्येक दिव्याला चॅसीपर्यंत स्वतंत्र वायर ओढा.

*तपासणी:* यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर नवी जागा, ब्रॅकेट आणि वायरची लांबी लिहिलेली आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर मडगार्ड गाडीवरच राहू द्या.

टप्पा ६: पाण्याची चाचणी

निर्णय काढण्याकडे झुकला असेल आणि गाडी चालू असेल, तर हे जरूर करा. एखादी मोकळी खासगी जागा बघा. डांबरावर वीसेक फूट लांबीचा पट्टा पाइपने भिजवा आणि पाण्यात थोडी माती कालवा. बॉडीच्या पुढच्या बाजूच्या पत्र्यावर, दारावर आणि मागच्या पत्र्यावर पांढरा कागद चिकटपट्टीने लावा. डोळ्यांना गॉगल, शेजारी कोणी बसवू नका. आधी २० मैलांच्या वेगाने पट्ट्यावरून जा, मग नवे कागद लावून ३५ने.

कागद वाचायला सोपे असतात. पुढच्या चाकाचं पाणी दाराच्या पुढच्या कडेला आणि तिथून वाऱ्याने आत, थेट कोपरावर येतं. रोडस्टरला बाजूच्या काचा नसतात हे इथे आठवतं. पाणी जिथे पडलं तिथेच कोरड्या दिवशी खडी आपटणार आहे, म्हणजे तिथला रंग पहिल्या उन्हाळ्यातच टवके सोडणार. मागच्या चाकाचे शिंतोडे मागच्या दिव्यांवर आणि नंबर प्लेटवर किती आले ते बघा. दिवे झाकले जात असतील तर त्यांची जागा बदला.

तुम्ही गाडी फक्त रविवारी सकाळी, ऊन बघून, वीस मैल नेणार असाल तर हे सगळं सोसण्यासारखं आहे. तीनशे मैल लांबच्या मेळाव्याला जाणार असाल आणि शेजारी घरचं माणूस बसणार असेल, तर ते कागद आधी त्या माणसाला दाखवा.

टप्पा ७: काढायचे ठरले तर

बॅटरीची वायर सोडा. दोन दिवस आधीपासून सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. ‘मागचा डावा, वरून दुसरा’ इतकं तपशिलाने. आठ महिन्यांनी हे आठवेल असं समजू नका.

क्रम असा: बंपर, मग हेडलाईटची दांडी आणि वायरी, मग फूटबोर्ड, मग मागचे मडगार्ड, मग पुढचे, शेवटी स्प्लॅश एप्रन. पुढचा मडगार्ड सोडताना दुसरा माणूस हवाच. शेवटचा बोल्ट निघाला की त्याचं वजन एका ब्रॅकेटवर येतं आणि पत्रा पिळतो. एप्रन ओढून काढू नका. सगळे बोल्ट सुटले आहेत हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय जोर लावायचा नाही.

भोकं वेल्डिंगने बुजवू नका. हे मी दहा वेळा सांगेन. बॉडीवरच्या मागच्या मडगार्डच्या भोकांत गोल डोक्याचे बोल्ट आणि रबरी वायसर बसतात, चॅसीवरच्या भोकांत रबरी ग्रॉमेट (बुचं). दिसायला नीटनेटकं आणि उद्या मन बदललं तर वाट मोकळी. गाडी विकताना घेणाऱ्याला मडगार्ड परत चढवता येणार असतील तर त्याला ते हवेच असतात. त्याच कारणाने मूळ स्टीलचे मडगार्ड विकू नका. आतून तेलाचा हात फिरवा आणि ब्रॅकेटच्या भोकांतून दोरी घालून टांगा. एकावर एक रचले की कडा वाकतात.

आता उघडं पडलेलं काम. ब्रेक आणि पेट्रोलचे पाईप चॅसीच्या आतल्या बाजूने न्या, बाहेरून नेले तर पुढच्या चाकाची खडी थेट त्यांच्यावर येते. वायरी नळीत घालून क्लिपांनी बांधा. मागच्या चाकाच्या कमानीतला आतला पत्रा आता दिसणार, तो साफ करून रंगवा. एक्झॉस्ट बाजूने बाहेर काढला असेल तर चढता-उतरताना पाय कुठे टेकतो ते बघा. फूटबोर्ड नसल्यावर पाय नेमका गरम पाईपवर जातो, आणि मुलांचा तर हमखास.

टप्पा ८: ठेवायचे ठरले तर

रंग आधी, जुळवणी नंतर, ही चूक सर्रास होते. सगळे भाग बिनरंगाचे असताना एकदा पूर्ण गाडी जोडा, भोकं जुळवा, पत्रा सरळ करा. मग खोला, रंगवा आणि पुन्हा जोडा.

जुळवणी बॉडीपासून बाहेरच्या दिशेने. बॉडी चॅसीवर पॅकिंग देऊन अशी बसवा, की दारांच्या फटी सारख्या येतील. मग रेडिएटर आणि त्याचं कवच, मग बोनेट. बोनेटच्या फटी जमल्यावरच पुढचे मडगार्ड, मग फूटबोर्ड, मग मागचे. मडगार्ड आधी घट्ट करून बोनेट जुळवायला गेलात तर दिवसभर पाना फिरवत बसाल. सगळे बोल्ट आधी फक्त हाताने. चारही मडगार्ड जागेवर आले, दोन्ही बाजूंची मापं सारखी आली, मग पाना.

बॉडी आणि मागच्या मडगार्डमधली गोल पट्टी रंगानंतर बसवायची असते. ती नसली तर पत्र्यावर पत्रा घासून रंग जातो आणि फटीत पाणी साचून गंज धरतो. फायबरग्लासच्या मडगार्डला मोठे वायसर किंवा मागून स्टीलची पट्टी द्या. वायसर टेकला की पाव फेरा, बस. स्टीलसारखे आवळलेत तर वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतील.

*तपासणी:* टप्पा ४मधली खडूची चाचणी आता खऱ्या मडगार्डवर पुन्हा करा, रंगाच्या आधी.

टप्पा ९: मधला मार्ग

मागे कापून आखूड केलेले मडगार्ड आणि पुढे चाकाबरोबर वळणारे मोटारसायकलसारखे मडगार्ड, हा काहींना दोन्हींचा मेळ वाटतो. हलक्या, खाली बसवलेल्या मॉडेल एवर तो खरोखर छान जमतो. पण काम सोपं समजू नका.

पुढचा वळता मडगार्ड ब्रेकच्या मागच्या तबकडीला (बॅकिंग प्लेट) किंवा चाक ज्यावर फिरतं त्या स्पिंडलला बांधलेला असतो. म्हणजे पाटे त्याला वाचवत नाहीत. रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट ब्रॅकेटवर येतो. पातळ पट्टीचे ब्रॅकेट तुटतात, आणि तुटलेला मडगार्ड टायरमध्ये अडकला तर चाक जाम होतं. जाड भिंतीची नळी वापरा, आधार तीन ठिकाणी द्या, वेल्ड चांगल्या मिस्त्रीकडून करून घ्या. टायरपासून दीड इंचाचं अंतर सगळीकडे सारखं ठेवा. बायस-प्लाय टायर वेगात थोडा फुगतो, त्यालाही जागा लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड हेडलाईटच्या स्टँडला, चॅसीला आणि विशबोनला (ॲक्सल चॅसीला धरून ठेवणाऱ्या दांड्याला) लागत नाही ना, ते बघा.

मागचा मडगार्ड कापण्याआधी टप्पा २मधलं कलम पुन्हा वाचा. टायरपेक्षा अरुंद किंवा ॲक्सलच्या मध्यापेक्षा वर संपणारा तुकडा वॉशिंग्टनच्या मापात बसत नाही. कापायचेच असतील तर नवीन छापाचे घ्या. मूळ फोर्डच्या पत्र्याला कटर लावू नका.

पहिल्या पन्नास मैलांनंतर गाडी थांबवा आणि प्रत्येक ब्रॅकेटचा बोल्ट पान्याने तपासा. शंभर मैलांनंतर पुन्हा. वेल्डजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे असं स्वतःला समजावू नका. तेवढा रंग खरवडून बघा, आणि खाली चीर निघाली तर ब्रॅकेट काढून नव्याने बनवेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर नेऊ नका.